टोपलीला हात लावायचा नाही

वहिनींच्या शिवणाच्या खोलीत चार मशिनं आहेत, कापड बेतायला एक लांब टेबल आहे आणि खिडकीखाली एक वेताची टोपली आहे. मशिनवर कुणीही बसावं, टेबलावर कुणीही कापड पसरावं. टोपलीला मात्र जुन्या माणसाने हात लावायचा नाही, असा नियम. टोपलीत असतं काय, तर बटणं राहिलेले शर्ट, तुरपाई राहिलेल्या पँटी, हूक लावायचे राहिलेले फ्रॉक. खऱ्या गिऱ्हाइकाचं खरं काम. वहिनी गप्पा मारता मारता तासाभरात सगळं उरकतील, पण त्या उरकत नाहीत. नव्याने शिकायला येणाऱ्या माणसासाठी ते राखून ठेवलेलं असतं. गिऱ्हाईक दारात उभं राहून घड्याळ बघत असलं तरी वहिनी गोड हसून म्हणतात, "उद्या या हं, काम एका खास माणसाकडे दिलंय." तो खास माणूस तेव्हा कोपऱ्यात बसून सुईत दोरा ओवायची खटपट करत असतो.

मागे एक निवृत्त बस कंडक्टर शिकायला आले. वय एकसष्ट. पहिल्याच दिवशी वहिनींनी त्यांच्या हातात टोपलीतला कोट दिला. त्यांनी एक बटण लावायला पाऊण तास घेतला आणि ते इतकं घट्ट बसवलं की काजातून जाईना. मी असतो तर म्हणालो असतो, काका, तिकिटंच फाडा. वहिनी म्हणाल्या, "वा, हे काही आता तुटायचं नाही. फक्त पुढचं लावताना बटणाखाली दोऱ्याला जराशी ढील ठेवा, म्हणजे काज सुखाने बसेल." कंडक्टरकाकांनी दुसरं ढील ठेवून लावलं, ते छान बसलं. मग ते आपणहून म्हणाले, "पहिलं पुन्हा लावू का?" वहिनी म्हणाल्या, "तुमची इच्छा." सहा वर्षं झाली, ते अजून येतात.

मला हा सगळा पोरखेळ वाटायचा. खरं सांगायचं तर आमच्या घरातला तुसडा माणूस मी. नोकरी छापखान्यात, कॉम्प्युटरवर पानं लावायची. तिथेही माझ्या टेबलाकडे लोक जरा जपूनच येत.

आता 'बेत'बद्दल सांगतो. माझा मोठा भाऊ, म्हणजे दादा, लाकडाच्या वखारीत होता. एकदा फळ्यांची थप्पी त्याच्या उजव्या खांद्यावर कोसळली. जीव वाचला, पण खांदा कायमचा सहा सेंटिमीटर खाली आला. तेव्हापासून तयार शर्ट त्याच्या अंगावर टांगल्यासारखा दिसायचा. वहिनींनी त्याची डावी आणि उजवी मापं वेगळी घेतली, दोन बाजू वेगळ्या बेतल्या आणि असा शर्ट शिवला की तो घालून दादा गल्लीतून दोनदा उगाच चक्कर मारून आला. वहिनींची ती मापांची वही पाहून मी एक प्रोग्रॅम लिहिला. दोन्ही बाजूंची मापं द्यायची, की तो खऱ्या आकाराचा कागदी नमुना छापून देतो. त्याचं नाव बेत. पाठीला बाक असलेल्यांसाठी, एक हात नसलेल्यांसाठी, कुठकुठले शिंपी तो वापरायला लागले.

बेत मी सगळ्यांसाठी मोकळा ठेवला होता. म्हणजे त्याचा कोड कुणीही उघडून बघावा, सुधारावा आणि सुधारणा माझ्याकडे पाठवावी. घ्यायची की नाही, ते मी ठरवणार. लोक उत्साहाने पाठवायचे. मी उत्तर द्यायचो, "नियम वाचा." कुणाला लिहायचो, "हे आधी विचारलं गेलंय." एकदा एका शिक्षकाने महिनाभर खपून केलेलं काम मी एका शब्दात परत केलं. तो शब्द होता "नको." मला वाटायचं, मी किती नेमकं लिहितो. सात वर्षांत नव्वदेक माणसं दारापर्यंत आली. दुसऱ्यांदा एकही आलं नाही आणि मी त्याचा ठपका त्यांच्यावरच ठेवला.

मग माझे डोळे बिघडले. अक्षरांच्या मधोमध एक धुरकट ठिपका दिसायला लागला. डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी दोन्ही डोळ्यांत औषध घातलं, बराच वेळ आत डोकावल्या आणि शांतपणे म्हणाल्या, "पडदा झिजतोय. वाचायचं काम अजून एक वर्ष होईल, फार तर दोन." मी घरी येऊन डॉक्टरीणबाईंचा कागद टेबलावर ठेवला, तो वहिनींनी वाचला. वहिनी समोर येऊन बसल्या, हातात तुरपाई.

"भाऊजी, नोकरीचं आपण बघून घेऊ. घरात माणसं आहेत. पण बेतचं कोण बघणार?"

"कोणी नाही. बंद पडेल."

"असा कसा बंद पडेल? परवा त्या बाईंचं पत्र वाचून दाखवलंत ना, ज्यांच्या मुलाची पाठ वाकडी आहे? त्यांनी पुढचा शर्ट कशावर बेतायचा?"

मी चिडून म्हणालो, की लोक येतात आणि टिकत नाहीत, त्याला मी काय करू? त्यावर वहिनी म्हणाल्या, "तुम्ही त्यांना काय लिहिता, ते वाचा बघू." मी वाचायला लागलो. पहिली चार उत्तरं मी ठसक्यात वाचली. पुढे आवाज उतरत गेला. "नको"पर्यंत आलो तेव्हा वहिनींनी सुई थांबवली.

"नको? एवढंच?"

"चुकीचं होतं ते काम."

"असेल. पण महिना घातला होता त्याने." त्यांनी हातातलं कापड मांडीवर ठेवलं. "मी या घरात आले तेव्हा मला सुई धरता येत नव्हती. सासूबाईंनी पहिल्या दिवशी असं तोंडावर फेकलं असतं ना, तर आज ही खोलीच नसती. तिथे गहू ठेवले असते आपण."

त्या दिवसापासून वहिनींनी बेतमध्ये लक्ष घातलं. कोडमधलं त्यांना ओ की ठो कळत नव्हतं आणि त्यांचं त्यावाचून काही अडलंही नाही. त्यांनी आधी माझं सूचनापत्रक छापून घेतलं, नवीन माणसाने बेत आपल्या कॉम्प्युटरवर कसा उतरवावा, ते सांगणारं. ते कंडक्टरकाकांच्या हातात देऊन त्यांना कॉम्प्युटरसमोर बसवलं आणि मला म्हणाल्या, "तुम्ही तोंड उघडायचं नाही." काका तिसऱ्या पायरीवर अडकले. चष्मा वर, चष्मा खाली. शेवटी म्हणाले, "दोननंतर एकदम चार नंबरचा स्टॉप आला हो. तीन कुठे गेला?" तीन माझ्या डोक्यात होता. कागदावर कधी उतरलाच नव्हता. सात वर्षं माणसं त्या पायरीवरून परत जात होती आणि मी त्यांना नियम वाचा म्हणत होतो. मी मान खाली घालून तीन नंबर लिहिला.

मग वहिनींनी टोपली ठेवायला सांगितली. बेतच्या पानावर तशी एक यादीच केली आम्ही, नाव टोपली. छोटी छोटी खरी कामं त्यात टाकायची, प्रत्येकापुढे काय करायचं आणि कुठे करायचं ते साध्या भाषेत लिहायचं, आणि अडलात तर विचारा, असं म्हणायचं. "आणि विचारलं की त्याच दिवशी उत्तर द्यायचं," वहिनी म्हणाल्या, "आधी काय बरं झालंय ते सांगायचं. तुम्हाला जड जाईल, पण जमेल." यादीत अकरा कामं झाली. दहा मी सुचवली होती, एक वहिनींनी. त्यांचं काम असं: डाव्या-उजव्या मापांत चार सेंटिमीटरपेक्षा जास्त फरक असला की बेत म्हणायचा, "माप चुकीचं आहे. पुन्हा घ्या." खाली एक बटण यायचं, "तरीही पुढे जा." मी हे पहिल्याच आठवड्यात लिहून टाकलं होतं, घाईत कुणी आकडा चुकवू नये म्हणून. वहिनींना ते वाक्य बदलून हवं होतं. का, ते त्या बोलल्या नाहीत आणि मीही विचारलं नाही.

महिन्याभरात ते काम एका बाईने मागितलं. तिच्या नावाजागी चिमणीचं चित्र होतं, म्हणून आमच्या घरात ती चिमणीच झाली. तिने लिहिलं होतं, "मी नर्स आहे. ड्युटी सांभाळून चार महिने कोड शिकतेय. हे काम मी घेऊ का? मला वेळ लागेल." मी उत्तर लिहिलं, "घ्या." वहिनींनी मागून वाचून माझ्याकडे नुसतं पाहिलं. मी पुढे लिहिलं, "अवश्य घ्या. वेळ लागू द्या. अडलात तर विचारा." बोटं जड झाली होती, पण लिहिलं.

तिने दोनदा काहीतरी विचारलं, अगदी साधं. नंतर काही कळलं नाही. आठ दिवस गेले, बारा गेले. वहिनी रोज विचारायच्या, "चिमणीचं काही?" मी म्हणायचो, नाद सोडला असेल.

सोळाव्या दिवशी रविवार होता. वहिनी आणि दादा कुणाकडे तरी गेले होते. डोळा त्या दिवशी जरा बरा होता. मला वाटलं, आहे तोवर घ्या करून. मी टोपली उघडली आणि एक काम केलं. हात सुटला होता, दुसरं केलं. संध्याकाळी चहाच्या वेळेपर्यंत अकराच्या अकरा कामं संपवली. त्या वाक्याचंही काम केलं, "डाव्या-उजव्या मापांत मर्यादेपेक्षा जास्त तफावत," असं नेटकं लिहिलं. कित्येक महिन्यांत इतका खूश झालो नव्हतो. वहिनी दारातून आत येतात न येतात तोच मी सांगितलं, "टोपली रिकामी केली! सगळी!"

वहिनींनी चप्पल काढली, पिशवी खाली ठेवली. "चिमणीचंसुद्धा?"

"चिमणीचंसुद्धा."

तेवढ्यात तिचाच निरोप येऊन पडला. मी मोठ्याने वाचला. "माझं काम तुम्ही पूर्ण केलेलं आत्ता पाहिलं. बरं झालं. माझ्यामुळे उगाच खोळंबा होत होता. मी आज रात्री पाठवणारच होते, पण आता गरज नाही. तुम्ही समजुतीने वागलात, त्याबद्दल आभार."

दादा आत कपडे बदलायला गेला होता. वहिनी माझ्यासमोर उभ्या राहिल्या. त्या रागावल्या की आवाज चढवत नाहीत, उलट खाली आणतात.

"तुम्हाला किती वेळ लागला त्या कामाला?"

"चार मिनिटं."

"तिचे सोळा दिवस गेले होते. ते कुठे टाकलेत?"

मी काहीतरी पुटपुटलो, की काम तर झालं ना. वहिनींनी आतल्या दाराकडे एकदा पाहिलं आणि आवाज आणखी खाली आणला.

"ते वाक्य मी टोपलीत का टाकलं, कधी विचारलंत? दर वर्षी यांचा शर्ट बेतते मी. मापं घातली की तुमचा बेत म्हणतो, माप चुकीचं आहे. हे मागे उभे असतात, अर्धे उघडे. मी पटकन स्क्रीन वळवते आणि ते बटण दाबते. सात वर्षं स्क्रीन वळवतेय, भाऊजी. त्यांनी एकदाही वाचू नये म्हणून."

"मला का नाही सांगितलंत?"

"तुम्हाला? तुम्ही म्हणाला असतात, मर्यादा बरोबर आहे."

मी खरंच तसं म्हणालो असतो. ज्या भावासाठी प्रोग्रॅम लिहिला, त्यालाच मी सात वर्षं चूक म्हणत होतो. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही. वहिनींनी पाणी आणून दिलं, पण जवळ बसल्या नाहीत. त्या आत गेल्या.

दुसऱ्या दिवशी छापखान्यातून आलो आणि सगळं उसवायला बसलो. अकराही बदल एक एक करून मागे घेतले. वाक्य पूर्वीसारखं वाईट झालं, टोपली पुन्हा भरली. मग चिमणीला पत्र लिहिलं. पहिल्या पत्रात मी नियम समजावून सांगत होतो, ते खोडलं. दुसऱ्यात स्वतःच्या डोळ्यांची कर्मकहाणी लावली होती, तेही खोडलं. तिसरं पाठवलं. "तुमच्या कामाला मी हात लावला, ही माझी चूक. टोपलीतलं काम माझं नव्हतं. मी केलेलं काढून टाकलंय, तुमची जागा मोकळी आहे. माझ्या भावाचा एक खांदा खाली आहे आणि माझा प्रोग्रॅम त्याला चूक म्हणतो. तुम्ही ते दुरुस्त कराल का? वेळ लागला तरी मी थांबतो."

उत्तर येईना. मी वहिनींसारखाच रोज विचारायला लागलो, फरक इतकाच की मला विचारायला कुणी नव्हतं. वहिनी जेवायला वाढायच्या, औषधाची आठवण करायच्या, बेतचं नाव काढायच्या नाहीत. सहाव्या दिवशी कंडक्टरकाकांनी मला बाजूला घेतलं. म्हणाले, "कसं आहे, उतरलेलं माणूस पुन्हा चढेलच असं नाही. पण आपण स्टॉपवर थांबायचं." मला ते थोबाडीत मारल्यासारखं लागलं.

नवव्या दिवशी चिमणीचं काम आलं. सोबत तिने लिहिलं होतं, "माझ्या वॉर्डात स्तनाचं ऑपरेशन झालेल्या बायका असतात. त्यातल्या एकीला बेतवर कपडा बेतून देत होते. दुसऱ्या बाजूचं माप घातलं आणि ते वाक्य आलं. ती म्हणाली, मशिनलासुद्धा कळलं. म्हणून मी हे काम मागितलं होतं. वाक्य सापडायला वेळ लागला, कोडला नाही."

वाक्य असं होतं: "दोन्ही बाजू वेगळ्या आहेत. ठीक आहे, तशाच बेतू."

मी ते वहिनींना वाचून दाखवलं. त्यांनी पुन्हा वाचायला सांगितलं. मग त्या उठून माझ्या शेजारी येऊन बसल्या, त्या रविवारनंतर पहिल्यांदा.

तिच्या कोडात दोन चुका होत्या. एक चांगलीच मोठी होती, कारण मापाची पेटी रिकामी ठेवली तरी हे वाक्य येत होतं. बोटं शिवशिवली, हात लावला असता तर अर्ध्या मिनिटात सुटलं असतं. वहिनी बघत होत्या. मी लिहिलं, "वाक्य इतकं छान आहे की मी ते घरात दोनदा वाचून दाखवलं. एक अडचण आहे, पेटी रिकामी असली तरीही ते येतं. कुठे बघायचं ते खाली लिहितो. करून बघता का?" तिने तीन दिवस घेतले आणि केलं. दुसरी चूक तिने आपली आपणच शोधली आणि तीही काढली. मग टोपलीतलं दुसरं काम मागितलं.

पुढचं काही एका दमात घडलं नाही. चिमणी ड्युटी सांभाळून हळूहळू करत राहिली. तिच्यामागून एक चष्म्याच्या दुकानातला माणूस आला, ज्याला शिवणाचं काही कळत नव्हतं. तो टिकला. "नको" म्हटलेल्या त्या शिक्षकालाही मी पत्र घातलं. त्यांनी उत्तर दिलं नाही आणि त्यात त्यांची काही चूक नाही. पुढच्या वर्षी माझ्या डोळ्यांतला ठिपका मोठा होऊन अक्षरं त्यात बुडाली, तेव्हा बेतच्या किल्ल्या मी चिमणीला दिल्या. काय घ्यायचं, काय नाही, ते आता ती ठरवते. तिने मला विचारलं, "काही नियम सांगायचा आहे का?" मी म्हणालो, "टोपलीला हात लावायचा नाही." ती म्हणाली, "ते ठाऊक आहे."

आता माझा कॉम्प्युटर बोलतो. पडद्यावर जे येईल ते एक बाई खणखणीत आवाजात वाचते. मला सवय झालीय, बाकीचे दचकतात.

गेल्या महिन्यात दादाचा शर्ट बेतायचा होता. तो शर्ट फार जपून वापरतो, वर्ष उलटून गेलं होतं. वहिनींचा कॉम्प्युटर दुरुस्तीला टाकलेला, म्हणून दोघं माझ्या टेबलापाशी आली. दादा शर्ट काढून मागे उभा राहिला. वहिनींनी टेपने मापं घेऊन आकडे सांगितले, मी चाचपडत ते टाइप केले. शेवटचा आकडा टाकला आणि शेजारी हालचाल जाणवली. सवयीने वहिनींचा हात स्क्रीनच्या कडेला गेला होता, वळवायला. नवं वाक्य त्यांना पाठ होतं, तरी गेला. पण आवाज कसा वळवणार?

कॉम्प्युटरमधली बाई सगळ्या खोलीला ऐकू जाईल अशी म्हणाली, "दोन्ही बाजू वेगळ्या आहेत. ठीक आहे, तशाच बेतू."

वहिनींच्या हातातली टेप खाली पडली, ती मला ऐकू आली.

"हे कुणी लिहिलंय?" दादाने विचारलं.

"एका नर्सबाईंनी," वहिनी म्हणाल्या. "पहिलंच काम होतं त्यांचं."

"पहिलंच?" दादा म्हणाला. "चांगलं जमलंय की."